आईच्या नावाची नळी

बुरुलच्या हाताला यश होतं. आमच्या खोऱ्यात शीर पटकन सापडेल अशी माणसं थोडी. थंडीनं, वयानं आणि चरबीनं हातांचे ओंडके झालेले. पण बुरुलनं दंडाला रबर बांधलं, दोन बोटांनी कोपराची लवण चाचपली की काम झालंच म्हणून समजा. पोरगं रडायचं ठरवेपर्यंत सुई बाहेर आलेली असायची. दवाखान्याची गाडी चालवण्यात माझी अठरा वर्षं गेली. नर्सा ढिगानं पाहिल्या, त्यातल्या निम्म्या कसाई. बुरुलसारखी एकच.

बाकी तिच्यात सांगण्यासारखं काय होतं? एकतीस वर्षांची, अंगानं किरकोळ, डोक्याला कायम तोच करडा रुमाल. आणि बोलणं म्हणजे 'बरं'. गाडी बंद पडली, 'बरं'. घाटात बर्फ आहे, परत फिरू, 'बरं'. मला पहिल्यापहिल्यांदा संताप यायचा. माणसानं थोडं तरी तोंड वाजवावं! मी तोंडाळ माणूस, गाडीशी आणि सरकारशी माझं रोजचं भांडण. गाडी म्हणजे जुनी रशियन व्हॅन, पावाच्या आकाराची, म्हणून इकडे तिला पावच म्हणतात. हा पाव शिळा होऊन वीस वर्षं झाली तरी सरकारला तो टाकवत नाही.

त्या पावात माझ्या शेजारी, मांडीवर थंड पेटी घेऊन बुरुल बसायची. सकाळचे अकरा वाजले की पिशवीतून एक बारीक गोळी काढायची आणि माझ्या थर्मासमधल्या घोटभर चहाबरोबर गिळायची.

"कसली गं गोळी?"

"डोकेदुखीची, बैके."

बैके म्हणजे थोरला भाऊ. रोज ठरल्यावेळी अकरालाच दुखणारं डोकं मी काही पाहिलं नव्हतं. पण बायकांच्या गोळ्यांची चौकशी करू नये एवढी अक्कल मला आहे.

थंड पेटीत असायचं रक्त. राजधानीतल्या एका संस्थेनं संशोधन काढलं होतं. जी मुलं बोलत नाहीत, उशिरा चालतात, ज्यांना झटके येतात आणि तीन डॉक्टरांकडे नेलं तर तिघं तीन नावं सांगतात, अशा मुलांच्या रक्तात नेमका कुठे बिघाड आहे ते शोधायचं. पेरिझात नावाच्या एक तरुण डॉक्टरबाई हे काम बघत. त्यांनी जिल्ह्याजिल्ह्यातून एकेक नर्स निवडली, आमच्याकडची बुरुल. दर घरी तीन नळ्या भरायच्या: मूल, आई, बाप. मुलात दिसणारा बदल आईकडून आला, बापाकडून आला की मुलातच नव्यानं झाला, हे तिन्ही रक्तं शेजारी शेजारी ठेवल्याशिवाय कळत नाही म्हणे.

नळ्यांच्या जोडीला वंशावळीचा कागदही होता. तो बाहेर काढला की घरोघरी म्हाताऱ्यांच्या अंगात यायचं. आमच्याकडे सात पिढ्यांच्या बापांची नावं पाठ नसतील तर तो माणूस कसला? एका श्वासात सातही बाप म्हणून दाखवायचे, वर शेजाऱ्याचेही म्हणायचे. बुरुल सगळं लिहून घ्यायची आणि मग विचारायची, "आणि मुलाच्या आईचे भाऊ? आईच्या आईचे भाऊ?"  आईच्या आईचं नावसुद्धा कुणाला ठाऊक नसायचं. एक म्हातारा तर चिडलाच, "ती परक्या घरची! तिचं काय लिहायचंय?" कागदाची ती बाजू कोरी राहायची. बुरुल त्याखाली पेन्सिलीनं एक बारीक रेघ ओढायची, का ते मला तेव्हा कळलं नाही.

चार-पाच महिने असे फिरल्यावर एकदा उतारावर ती म्हणाली, "बैके, पुढच्या मंगळवारी आमच्या गावाला जायचंय."

"वा! जेवायला घालतेस वाटतं?"

"रक्त घ्यायचंय."

"कुणाचं?"

"माझ्या दिराचं. एर्निसचं. नऊ वर्षांचा आहे. बोलत नाही."

मी गाडी हळू केली. तिचा नवरा मेदेर मला ठाऊक होता, मेंढ्यांचा धंदा. त्याचा बाप चार वर्षांपूर्वी गेला. एवढा लहान भाऊ असेल असं मात्र कधी कानावर आलं नव्हतं. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला आणि मी विचारू नये ते विचारलं, "दीर, की तुझाच?"

"माझाच," बुरुल म्हणाली.

यात जगावेगळं काही नाही. आमच्याकडे पहिलं मूल आजी-आजोबांचं. ते त्यांनाच आई-बाप म्हणतं, आणि जन्मदात्या आईला वहिनी. मी स्वतः तसाच वाढलोय. माझ्या आईला ती मरेपर्यंत मी वहिनी म्हणायचो, तिनंही कधी तक्रार केली नाही. यात काही वावगं आहे असं माझ्या कधी मनातही आलं नव्हतं.

बुरुलनं बाकीचं त्या उतारावरच सांगितलं. रोजच्या आवाजात, ब्रेकबद्दल बोलावं तसं. बाळंतपणानंतर चाळिसाव्या दिवशी सासूनं बाळ उचलून आपल्या अंथरुणात नेलं. सासरा गावच्या कचेरीत होता, त्यानं जन्माच्या दाखल्यावरही आई-बाप म्हणून स्वतःची नावं घातली. बुरुलला म्हणाला, "कागदच तर आहे, सूनबाई. पोर कुठे जातंय? याच छपराखाली राहणार." बुरुल म्हणाली, बरं.

पोर दीड वर्षाचं होईतो बसलंसुद्धा नाही. चार वर्षांचं झालं तेव्हा पहिला झटका आला. सासूनं त्याला परत दिलं नाही, टाकलंही नाही. घास वाटून भरवायची, त्याला सोडून एका लग्नाला रात्रभर राहिली नाही. "आपांनी काही कमी केलं नाही," बुरुल म्हणाली. सासूला ती आपा म्हणायची, म्हणजे आईच. "आणि तो बोलत नाही, ते एका परीनं बरंच. मला वहिनी म्हणत नाही."

मी गिअर बदलला.

"दुसरं तुझ्याजवळ राहिलं असतं की. का नाही झालं इतकी वर्षं?"

"अकरा वाजता मी घेते ना, ती गोळी त्यासाठीच," ती म्हणाली. "घरी कुणाला माहीत नाही. माझ्या आईचा एक भाऊ होता. चुलीशेजारी बसून दिवसभर झुलायचा. एक शब्द बोलला नाही कधी. विसाव्या वर्षी झटक्यात गेला. सोयरीक ठरली तेव्हा सासऱ्यांनी माझे सात बाप विचारले. मामा कुणी विचारला नाही."

"आणि तू सांगितला नाहीस."

"मला विचारलं नाही, बैके. आता रक्तच सांगेल. माझ्याकडून आलेलं नसेल तर गोळी बंद. मग एक मूल होईल. ते मला आई म्हणेल."

इतकं सलग बोललेली मी तिला तेव्हा पहिल्यांदा पाहिली.

मंगळवारी घरात शिरलो तर चटईवर खाणं मांडून तयार. वयामुळे मला मानाच्या जागी बसवलं. बुरुल नर्स म्हणून आली होती खरी, पण आधी रुमाल घट्ट बांधून तिनं सगळ्यांना चहा ओतला आणि मग हातमोजे चढवले. सासू उल्कान-आपा पन्नाशी ओलांडलेली, थोराड, मोठ्या आवाजाची. तिच्या मांडीत एर्निस. गोरा, लांब पापण्यांचा, देखणा पोरगा. सारखे हात फडफडवायचा आणि कशालाही हसायचा. नणंद नाझिक अठरा वर्षांची, वाट्या धूत होती. मेदेरनं "भावा"साठी सात बाप धडाधडा म्हणून दाखवले. कागदावरचा बाप वारलेला, तेव्हा आईची आणि मुलाची नळी पुरे, असं बुरुलनं कागदावर लिहिलं.

"आईची ना? घे," म्हणत उल्कान-आपानं बाही वर सारली. "घे, हवं तेवढं घे. माझ्या कोकरासाठी बादलीभर घे! आणि हलक्या हातानं हं, सूनबाई. नांगरटीला आल्यासारखी टोचू नकोस."

मी बुरुलकडे पाहिलं. मेदेर चटईकडे बघत बसला. बुरुलनं रबर बांधलं.

"हात सैल सोडा, आपा."

नळी भरली. तिनं चिठ्ठीवर सासूचं नाव लिहिलं. आमच्याकडे सुना सासूचं नाव तोंडानं घेत नाहीत. अकरा वर्षांत न उच्चारलेलं नाव तिनं नीट, सुवाच्य अक्षरात लिहिलं. मग ती पोरासमोर गुडघ्यांवर बसली. "तुझ्या वहिनीला हात दे, बाळा," आपानं त्याला सांगितलं आणि त्याच्या तोंडात साखरेचा खडा घातला. त्यानं बुरुलच्या रुमालाचं टोक पकडलं. सुई गेली, आली. तो हसतच होता.

गावाबाहेर पुलाच्या अलीकडे बुरुल म्हणाली, "बैके, थांबवा जरा." तिनं कोट काढला, डावी बाही वर केली. "मला एका हातानं रबर बांधता येत नाही. धरा."

मला कळायला वेळ लागला नाही, पण मी धरलं नाही. "अगं, सरळ सांगायचं घरात! मूल तुझं आहे हे सगळ्यांना माहीत आहे."

"सगळ्यांना माहीत आहे म्हणूनच सांगता येत नाही. मी सांगितलं तर आपांनी नऊ वर्षं काय केलं?"

"आणि हे खोटं नाही?"

"नाव खोटं आहे. रक्त खरं आहे. धरा, बैके."

मी धरलं. तिनं उजव्या हातानं आपल्याच हातात सुई घातली आणि नळी भरताना खिडकीबाहेर पाहत राहिली. या नळीवरही तिनं सासूचंच नाव लिहिलं. आपाची नळी कचऱ्याच्या पिवळ्या डब्यात गेली. बादलीभर घे म्हणाली होती म्हातारी. मला तिचा राग आला होता तो तिथे जरा निवला, आणि मग कुणाचा राग धरावा हेच कळेना.

उत्तर यायला चौदा महिने लागले. या चौदा महिन्यांबद्दल सांगण्यासारखं काही नाही. आम्ही आणखी तीसेक घरं केली. मी दर महिन्याला विचारायचो, "आलं का गं काही?" ती मान हलवायची. अकरा वाजता गोळी.

मग वसंतात एके दिवशी डॉक्टर पेरिझात स्वतः आल्या. असं फोनवर सांगायचं नसतं, सगळ्या घराला एकत्र बसवून सांगायचं असा त्यांचा नियम. गाडीत त्या पुढे बसल्या, बुरुल मागे. त्यांच्या लेखी ती पोराची वहिनी. त्यांनी तिला आधी काही सांगितलं नाही, तिनंही विचारलं नाही.

पुन्हा तीच चटई, तीच माणसं. नाझिकच्या कानात मात्र नवी कर्णफुलं होती. होणारी सासू महिन्यापूर्वी येऊन घालून गेली होती, लग्न शरदात. डॉक्टरबाईंनी कागद मांडीवर ठेवला.

"एर्निसला काय आहे ते सापडलं," त्या म्हणाल्या. "औषध नाही, आधीच सांगते. पण नाव आहे. हा बदल आईकडून मुलाकडे येतो. आईला स्वतःला काहीच होत नाही, म्हणून तिला पत्ताही नसतो. तिला मुलगा झाला तर त्याला हा आजार होण्याची शक्यता निम्मी. दर खेपेला निम्मी."

बुरुल दाराजवळ चहाच्या भांड्यापाशी बसली होती. चौदा महिने वाट पाहिलेलं उत्तर तिला तिथे मिळालं: तिच्याकडूनच. मी तिच्याकडे पाहिलं. तिनं वाटी उचलली, अर्धी भरली आणि डॉक्टरबाईंपुढे सरकवली.

"म्हणजे माझ्या रक्तात?" उल्कान-आपा म्हणाली.

"दोष कुणाचा नाही, आपा."

"माझ्या रक्तात निघालं?" तिचा तो मोठा आवाज कुठे गेला कोण जाणे. पोटचं पोर नाही हे तिला ठाऊक होतं. पण हात तिनं पुढे केला होता, रक्त तिचं गेलं होतं. आपल्याकडून मेदेरमध्ये आणि मेदेरमधून पोरात उतरलं असेल, असंच तिला वाटलं असणार. तिनं वाकून बुरुलचा हात धरला. "सूनबाई, दुसरं होत नाही म्हणून मी तुला काय काय बोलले. कोरडी विहीर म्हणाले. आणि हे माझ्याच रक्तात होतं बघ."

बुरुलनं हात सोडवून घेतला नाही.  तिथे ती गप्प राहिली असती तर सगळं निभावलं असतं. गोष्ट तिला कळली होती, नाव दुसऱ्याचं लागलं होतं. मी तिच्या जागी असतो तर गप्पच बसलो असतो, खोटं कशाला बोलू!

पण डॉक्टरबाई नाझिककडे वळल्या. "तुलाही तपासणी करावी लागेल. आईकडून मुलीकडेही येतं हे, निम्मी शक्यता. लग्नाआधी केलेली बरी. सासरी सांगायचं की नाही ते तू ठरव."

 नाझिकचा हात कानाकडे गेला. ती एक कर्णफूल काढायला लागली. निघालं ते तिनं चटईवर ठेवलं.

"नाझिकला नाही," बुरुल म्हणाली.

"असं सांगता येत नाही, ताई. तपासल्याशिवाय—"

"ते रक्त माझं आहे. नळीवर नाव आपांचं, रक्त माझं. आपांचं मी फेकून दिलं." तिचा आवाज नेहमीचाच होता. "माझा मामा तसाच होता. नाझिक, ते घाल परत कानात."

मेदेरनं मान वर केली, पुन्हा खाली घातली. डॉक्टरबाईंनी एकदा बुरुलकडे पाहिलं, एकदा पोराकडे. पापण्या, हनुवटी. बाई शहाणी होती, एक प्रश्न विचारला नाही. एर्निस चमचा जमिनीवर आपटत होता आणि हसत होता. 

डॉक्टरबाईंनी पेनाचं टोपण काढलं. "मग कागदात दुरुस्ती करावी लागेल. दुसरा नमुनाही घेऊ. हा नमुना तुमचा. नातं काय लिहू?"

"वहिनी लिहा," बुरुल म्हणाली.

"तसा रकाना नाही. आई, बाप, मूल. तीनच."

"मग कोरा सोडा."

उल्कान-आपानं एर्निसच्या हातातला चमचा काढून घेतला, रुमालाच्या टोकानं त्याच्या हनुवटीवरची लाळ पुसली, त्याला ओढून आणखी जवळ घेतलं. वर न पाहता ती म्हणाली, "आई लिहा. कागदच तर आहे."

डॉक्टरबाईंनी लिहिलं.

अंगणात त्या बुरुलला बाजूला घेऊन म्हणाल्या, पोटात असतानाही तपासता येतं, राजधानीत यावं लागेल, जे निघेल त्याचा निर्णय तुम्हालाच घ्यावा लागेल, सावकाश विचार करा. बुरुल म्हणाली, बरं.

मी गाडीत बसून होतो. मला माझी आई आठवत होती. तिच्या मयतीला मी रडलो ते वहिनी म्हणून रडलो, मोठ्यानं, सगळ्या गावादेखत. एकदा तरी दुसरी हाक मारायला काय जात होतं माझं?

दुसऱ्या दिवशी पलीकडच्या खोऱ्यातली दोन घरं होती. सकाळी बुरुल वेळेवर आली, थंड पेटी मांडीवर घेतली. गाडीनं नेहमीप्रमाणे कुरकुर केली, मी तिला शिव्या घातल्या. घरी काय झालं ते मी विचारलं नाही. "पोरगं कसं आहे?" एवढंच विचारलं. "बरं आहे," ती म्हणाली, "आपांजवळ."

घाटाच्या तिसऱ्या वळणावर अकरा वाजले. मी रस्त्याकडेच बघत होतो. बुरुलनं पिशवी उघडली, गोळी काढली आणि थर्माससाठी हात पुढे केला. मी गाडी कडेला घेतली आणि तिला चहा ओतून दिला.